चौथी कॅप

तिसरी कॅपही परत आली तेव्हा ताईने डबी उघडलीसुद्धा नाही. कुरियरवाल्याच्या कागदावर सही केली, डबी टेबलावर आपटली आणि भावाला फोन लावला. भाऊ दातांचा डॉक्टर. त्याचा दवाखाना आठ तासांच्या प्रवासाइतका लांब. ताई इथे एका डेंटल लॅबची मालकीण, कारागीर आणि झाडूवाली, सगळं एकटीच. बावीस वर्षं ती दात बनवत होती, त्यातही पुढचे, ज्यांच्याकडे जग बघतं ते. अवघड पुढचा दात आला की तीन शहरांतले डॉक्टर डोळे मिटून तिच्याकडे पाठवायचे. आणि तिच्या सख्ख्या आईच्या तोंडात तिने केलेला दात बसेना. याहून मोठी नाचक्की कुठली असेल ते तिला सुचत नव्हतं.

"आई म्हणते रंग जुळत नाही," भाऊ म्हणाला. बाहेर ढग आलेत म्हणावं तशा सुरात.

"पहिली पिवळी होती. दुसरी पांढरी होती. ही कशी आहे?"

"करडी."

ताईने डोळे मिटले आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. सातावर तिचा धीर सुटला.

अडीच महिन्यांपूर्वी आई स्टुलावर चढून स्वतः शिवलेला पडदा अडकवत होती. सत्तरीच्या बाईने स्टुलावर चढू नये हे घरात तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं, म्हणून ती घरात कोणी नसताना चढली. पाय घसरला, आणि वरचा पुढचा डावा दात शिलाई मशीनच्या लाकडी कडेवर आपटून अर्धा तुटला. दुसरं काही झालं नाही, हे नशीब. भावाने दाताच्या मुळाचे उपचार केले, उरलेला दात घासून त्याची खुंटी केली, तिच्यावर प्लॅस्टिकचं ओबडधोबड तात्पुरतं टोपण चिकटवलं आणि खऱ्या कॅपसाठी मापं ताईकडे पाठवली. घरचंच काम, पंधरा दिवसांत उरकेल असं दोघांनाही वाटलं होतं.

आई चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवत आली होती. त्या शिलाईवर ही दोघं शिकली. अलीकडे ती गिऱ्हाइकांचं काम कमी घ्यायची, पण आसपासच्या पाच-सहा जणी दुपारी तिच्याकडे शिवण शिकायला यायच्या आणि त्यांच्यावर ओरडण्यात तिचा दिवस छान जायचा. दात तुटल्यापासून तिने मशीनवर आच्छादन घातलं ते घातलंच. शिकणाऱ्या बायकांना 'दात झाला की या' म्हणून वाटेला लावलं. तोंडावर हात धरल्याशिवाय ती बोलेना. व्हिडिओ कॉलवर तर ती फोन असा धरायची की ताईला फक्त कपाळ आणि छताचा पंखा दिसायचा. आई हसायची बंद झाली, हे भावजयीने दोनदा दबक्या आवाजात सांगितलं होतं. तिसरी कॅप काढून घेताना हिरडीतून रक्त आलं, तेव्हा आईने निकाल देऊन टाकला होता, की आता आणखी एकदाच. तीही बसली नाही तर राहू दे ती खिंड, मी काही आता नटीचं काम करायला जात नाही.

म्हणजे चौथी कॅप शेवटची. तीही फसली तर आई उरलेलं आयुष्य तोंडावर हात धरून काढणार, आणि ते मशीन आच्छादनाखालीच राहणार.

आता ताईच्या मते यात दोष कोणाचा, हे सांगायलाच नको. भावाचा. भाऊ हुशार होता, हात हलका होता, पेशंट त्याच्यावर खूश असायचे, पण घिसाडघाई त्याच्या रक्तात होती. मापांचंच बघा. दातांच्या मापात प्लॅस्टर ओतून साचा करायचा असतो, आणि ते ओतताना हळूहळू टिचक्या मारायच्या असतात म्हणजे हवा निघून जाते. हा भडाभडा ओतून मोकळा. मग प्लॅस्टरमध्ये बुडबुडे राहतात आणि साच्याच्या दातांवर खळगे पडतात. आईच्या खालच्या दातांच्या साच्यावरही दोन खळगे होते, एक दाढेवर, एक पुढच्या दाताच्या कडेवर. ताईने पहिल्याच दिवशी शिव्या घालत दोन्ही मेणाने बुजवून टाकले होते. भावाचे साचे आले की हे काम तिला न चुकता करावंच लागायचं.

पण साच्याचं एक वेळ ठीक. खरा डोक्याला ताप फोटोंचा होता. दाताचा रंग म्हणजे नुसता पांढरा नसतो. मुळाकडे तो जरा पिवळसर असतो, मधे दुधी, कडेला काचेसारखा निळसर, आणि हे सगळं ताईला आठ तासांच्या अंतरावरून कळायचं ते फोटोवरूनच. पहिला फोटो भावाने मोबाइलवर काढला, पिवळ्या दिव्याखाली, आणि मेसेजवरून धाडला. मेसेजच्या ॲपने त्याचा पिळून पिळून चोथा केला. त्यात आईचे दात मक्याच्या दाण्यांसारखे दिसत होते. ताईने पहिली कॅप त्यावरून केली. पुढचं काय ते झालंच.

मग ताईच्या कटकटीला कंटाळून भावाने चांगला कॅमेरा आणला. तो हौसेने आणला, भिंतीवर त्याच्यासाठी खास खुंटी ठोकली, आणि फोटो काढले ते जेपेगमध्ये. ताईने रॉ फाइल मागितली. त्याने विचारलं, ती काय असते? तिने सांगितलं, की जेपेग करताना कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग ठरवतो, उजळ करतो, गुळगुळीत करतो आणि उरलेलं फेकून देतो. रॉ म्हणजे कॅमेऱ्याला जे जे दिसलं ते सगळं, काही न ठरवता, कच्च्या स्वरूपात. भाऊ म्हणाला, बरं. आणि मेसेजवरून पुन्हा जेपेगच आलं. दुसरी कॅप त्यावरूनच झाली, आणि पांढरी म्हणून परत आली.

डॉक्युमेंट म्हणून पाठव, असं तिने सांगितलं, तर त्याने फोटो एका पत्रात चिकटवून पत्र पाठवलं. खाली 'आपला नम्र' असंही लिहिलं होतं, विनोद म्हणून. कॅमेऱ्यातून सरळ पाठव म्हटलं, तर त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढला. त्यात आईच्या दातांवर भावाचं प्रतिबिंब पडलं होतं, हातात मोबाइल धरलेलं. शेवटी एक फाइल आली, नावाच्या शेवटी रॉचं शेपूट लावलेली. ताई आनंदाने ती उघडायला गेली तर उघडेना. अर्धा दिवस डोकं आपटल्यावर तिच्या लक्षात आलं, की डॉक्टरसाहेबांनी जेपेगचंच नाव बदललं होतं. विचारलं तर म्हणाला, नाव बदललं की फाइल बदलत नाही का? त्या दिवशी ताईने अक्षरशः हात टेकले आणि आहे त्या फोटोवरून, स्वतःच्या अंदाजाने, तिसरी कॅप केली.

ती आता डबीत पडून होती. करडी म्हणे.

"मला रॉ हवी," ताई फोनवर म्हणाली. "नाहीतर मी कामाला हात लावणार नाही."

भावाची रड तीच. एकेक फाइल चाळीस एमबीची. दवाखान्यातला कॉम्प्युटर ती उघडताना धापा टाकतो. कार्ड भरतं. बाहेर पेशंट ताटकळतात. आणि मुळात जेपेगमध्ये दात दातासारखाच दिसतो, डोळ्यांना फरक कळत नाही, तू उगाच बाऊ करतेस. ताई म्हणाली, तुझ्या डोळ्यांना कळत नसेल, तुझे डोळे तपासून घे. भाऊ म्हणाला, दुसऱ्या लॅबवाल्यांना चालतं. ताई म्हणाली, मग त्यांच्याकडूनच करून घे ना. हे असं बराच वेळ चाललं, आणि बहीण-भाऊ पन्नाशीला आले तरी एका खोडरबरासाठी भांडत असावेत असं ऐकणाऱ्याला वाटलं असतं. ऐकणारी होतीच. दवाखान्याच्या खुर्चीत आई बसली होती, तिने स्पीकर लावायला सांगितला.

तोंडावर हात असल्यामुळे तिचा आवाज उशीतून आल्यासारखा येत होता. तिने विचारलं, हे रॉ नि जेपेग काय प्रकरण आहे, रोज ऐकतेय. ताईने तिसऱ्यांदा सगळं समजावलं, या वेळी जरा सावकाश. काय ठेवायचं नि काय टाकायचं ते कॅमेरा ठरवतो, आणि एकदा टाकलेलं परत मिळत नाही, इथपर्यंत आल्यावर आईने तिला थांबवलं.

"म्हणजे हा तुला शिवून, शिवणीच्या आतली जादा माया छाटून टाकलेला सदरा पाठवतो, आणि म्हणतो यातूनच दोन बोटं सैल कर."

"अगदी तसंच."

"मग चूक त्याचीच आहे." आई भावाकडे वळली असावी. दवाखान्यात ती त्याला पेशंटांसमोर नेहमी अहो-जाहो करायची. "डॉक्टर, तिला अखंड कापड पाठवा."

चार वर्षं शिकून आणि आठ आठवडे समजावून जे भावाच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते एका वाक्यात शिरलं. किंवा शिरलं नसेल, पण आईपुढे त्याचं काही चालत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने व्हिडिओ कॉलवर स्वतः पहारा दिला. पिवळा दिवा बंद करायला लावला. खुर्ची खिडकीकडे फिरवायला लावली. रंगाचा आधार म्हणून एक करडा पुठ्ठा आईच्या हनुवटीशी धरायचा होता, तो भावजयीने धरला, आणि तिचा हात हलतोय म्हणून भावाने तिलाही दोन शब्द ऐकवले. मग त्याने मेनूत शिरून रॉ निवडलं आणि मोठा सुस्कारा टाकला, जणू कोणी त्याच्याकडून जमीन लिहून घेतली. आईने स्वतःच्या दोन बोटांनी ओठ वर धरला, आणि कॅमेऱ्याकडे नाही तर छताकडे पाहत राहिली. फोटो निघाले. फाइल पोचायला दुपार झाली, पण पोचली.

ताईने पडदे ओढून घेतले आणि ती उघडली. आधी पुठ्ठ्याच्या करड्यावर एक क्लिक केली, तसा फोटोतला सगळा परका रंग उतरला आणि आईचं तोंड आईच्या तोंडासारखं दिसायला लागलं. हिरड्या जरा फिक्या. उजव्या दाताच्या कडेला ती काचेसारखी निळसर रेघ. मुळाशी चहाचा हलका डाग. ताईने खण उघडून तिन्ही परत आलेल्या कॅपा ओळीने मांडल्या, आणि मोजमाप करत एकेक ताडून पाहायला लागली.

पहिली खरंच पिवळी होती. तिसरी खरंच थोडी करडी होती. दुसरी तंतोतंत होती.

तिने पुन्हा ताडून पाहिलं. खिडकीपाशी नेऊन पाहिलं, दिवा बदलून पाहिलं. दुसऱ्या कॅपच्या रंगात काडीचा फरक नव्हता. आणि आई म्हणाली होती, पांढरी आहे. ताईचं डोकं फिरलं. म्हणजे दोन महिने ती भावाशी भांडली, तिसरी कॅप केली, तिसरीचा रंग मुद्दाम गडद केला, आणि दुसरी इथे खणात बरोबरच्या बरोबर पडून होती. आईच्या डोळ्यांना काय झालं? की ती मुद्दाम छळतेय? या घरात एक माणूस धड असेल तर शपथ, असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली.

रागारागात तिने फोटो मोठा केला. वरच्या दातांच्या सावलीत खालचे दात बुडले होते. जेपेगमध्ये तिथे फक्त काळं होतं, ती जागा तिने कधी पाहिलीच नव्हती आणि रंगासाठी तिची गरजही नव्हती. पण रॉ मिळवायला इतकं रक्त आटवलं होतं, तर सगळं वसूल करावं म्हणून तिने सावली उजळायची पट्टी शेवटपर्यंत ओढली. काळ्यातून हळूहळू खालचे दात वर आले. एक, दोन, तीन, चार. आणि समोरच्या डाव्या दाताच्या कडेला मधोमध एक खाच होती.

बारीक, खोल, आतून घोटल्यासारखी गुळगुळीत. एका दोऱ्याच्या जाडीची.

ताईला ती खाच ठाऊक होती. लहानपणी ती मशीनशेजारी जमिनीवर बसून अभ्यास करायची, तेव्हा वरून दर दोन मिनिटांनी आवाज यायचा, टुक्. आई शिवण संपली की मान तिरकी करायची, दोरा पुढच्या दातांत धरायची आणि एक झटका द्यायची. कात्री शेजारीच असायची. पण दोन्ही हात कापडावर असले की कात्रीला हात कोण लावणार? चाळीस वर्षं, रोज शेकडो वेळा, त्याच एका जागी. खालच्या दाताला खाच पडली, तर वरच्याला पडली नसेल असं कसं होईल? वरचा दात मशीनवर आपटून तुटला तेव्हा खाचेचाच भाग उडून गेला होता.

मग तिला साचा आठवला. तिने फळीवरून आईच्या खालच्या दातांचा साचा उतरवला. पुढच्या दाताच्या कडेवर तिचंच मेण होतं, छान सपाट घोटलेलं. तिने कोरणीचं टोक घातलं आणि मेण एका वेटोळ्यात निघून आलं. बुडबुड्याचा खळगा गोल असतो. हा लांबट होता, आरपार, कडेपासून कडेपर्यंत. एखाद्या नवशिक्यालाही ते कळलं असतं. तिला कळलं नाही, कारण तिने पाहिलंच नव्हतं. भावाचा साचा म्हणजे बुडबुडा असणारच, हे तिने साचा हातात घेण्याआधीच ठरवून टाकलं होतं. फोटो गुळगुळीत करतो म्हणून कॅमेऱ्याला नावं ठेवणारी ती, आईचा दात स्वतःच्या हाताने गुळगुळीत करून मोकळी झाली होती. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली, आणि भावाने प्लॅस्टर इतकी वर्षं नीट ओतलं असतं तर ही वेळ आली नसती असंही वाटलंच.

भाऊ दवाखान्यात असेल ती वेळ बघून तिने आईच्या फोनवर फोन केला. पडद्यावर कपाळ आणि पंखा आले.

"आई, दुसऱ्या कॅपचा रंग बरोबर होता."

कपाळ पडद्याच्या आणखी कडेला सरकलं.

"दोरा निसटतो ना?"

मग आई हळूच म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या खालच्या दाताने."

"डॉक्टरांना सांगू नकोस. मी बारा वर्षांपूर्वी सोडलंय, असं सांगितलंय त्यांना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगा डॉक्टर झाल्यापासून दोऱ्यावरून तिला इतका ओरडायचा, की एक दिवस तिने 'सोडलं बाबा' म्हणून टाकलं. त्यानंतर तो घरी असला की कात्री, नसला की दात. कॅप लावून दिली की निकाल देण्याआधी ती जरा न्हाणीघरात जाऊन यायची. बाहीच्या टोकाचा एक दोरा ओढून तिथे चावून बघायची. दोरा गुळगुळीत दातावरून घसरायचा, ओला व्हायचा आणि तुटायचा नाही. दात दिसायला देखणा होता, तिने आरशात पाहिला होता, पण तो कोणा दुसरीचा होता. तो घेऊन मशीनवर बसलं तर हात चुकतील, म्हणून तिने मशीन झाकलेलंच ठेवलं. आणि हे सांगायचं कोणाला?

"एवढे शिकलेले तुम्ही दोघं," आई म्हणाली. "एवढा सुंदर दात केलास. त्यात मी खोट पाड म्हणून सांगू?"

ताईला एकदम भडभडून आलं, आणि रागही आला, तो नक्की कोणावर हे कळेना. ती एवढंच म्हणाली, की फोन जरा खाली धर, तुझा चेहरा दिसू दे. आईने फोन खाली केला. तोंडावर हात होताच, पण डोळे तरी दिसले.

चौथी कॅप ताईने सगळ्यात टणक सिरॅमिकच्या एकाच तुकड्यातून कोरली. रंग दुसरीचा. मग बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, आणि चांगल्या, धडधाकट दाताच्या कडेला बारीक चाकाने खाच पाडली. असल्या खाचेवरून तिने आजवर कितीतरी कॅपा स्वतः रद्द केल्या होत्या. खाचेच्या कडा धारदार राहिल्या तर तडा जाणार, म्हणून ती आतून, बाहेरून, पुन्हा आतून घोटत राहिली. मग कॅप साच्यावर चढवून, शिलाईचा दोरा आणून साच्याच्या खालच्या नि वरच्या दातांमध्ये धरला आणि झटका दिला. तीनदा निसटला. चौथ्यांदा, खाच आणखी केसभर खोल केल्यावर, तुटला. आता ही फुटणारच नाही असं काही छातीठोक सांगता येत नव्हतं, म्हणून तिने तशीच आणखी एक करून ठेवली. लॅबच्या दाराला 'दोन दिवस बंद' अशी चिठ्ठी लावली, डबी पर्समध्ये टाकली आणि पहाटेची गाडी पकडली. कुरियरवर आता तिचा विश्वास उरला नव्हता. खरं तर कोणावरच उरला नव्हता.

भावाने डोळ्यांवर भिंगं चढवून कॅप दिव्याखाली धरली. रंग बघून मान डोलावली. मग फिरवली, आणि थांबला.

"ताई, इथे टवका उडालाय."

"उडाला नाही. काढलाय."

"हा डिफेक्ट आहे. मी अशी कॅप पेशंटला बसवत नाही."

"पेशंटला नको बसवू. आईला बसव."

त्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग खुर्चीत बसलेल्या आईकडे. आई तोंडावर हात धरून भिंतीवरचं दात घासण्याचं चित्र फार लक्ष देऊन बघत होती. भाऊ म्हणाला, खालच्या दाताला खाच आहे हे त्याला माहीत आहे, तो रोज तोंडं बघतो, आंधळा नाही. पण ती जुनी झीज आहे, आईने ते केव्हाच सोडलंय. ताईने उत्तर दिलं नाही. तिने आणखी उलट उत्तर दिलं असतं तर तो हटून बसला असता, हे तिला माहीत होतं. ती गप्प राहिली ही गोष्टच त्याला इतकी विचित्र वाटली, की त्याने मुकाट्याने हातमोजे चढवले.

कॅप बसली. सिमेंट वाळेपर्यंत वीस मिनिटं आईला कापूस चावून बसवलं. भाऊ मधेच घड्याळ बघत होता, भावजय बाहेरच्या पेशंटांना थोपवत होती. मग त्याने कापूस काढला आणि सवयीने आरसा पुढे केला. आईने आरसा घेतला, पण त्यात पाहिलं नाही. आरसा मांडीवर ठेवून तिने जिभेचं टोक नव्या दाताच्या कडेवरून फिरवलं. एकदा. मग पुन्हा, सावकाश, मधे थांबून.

"रंग?" भावाने विचारलं. त्याच्या आवाजात चौथ्यांदा नकार ऐकायची पुरती तयारी होती.

आईने रंगाबद्दल काही सांगितलं नाही. तिने त्याच्या ॲप्रनची बाही धरली आणि त्याला जवळ ओढलं. बाहीच्या दुमडीतून एक पांढरा दोरा लोंबत होता, तो बहुधा कित्येक दिवस लोंबत असावा आणि कित्येक दिवस तिच्या डोळ्यांत सलत असावा. तिने मान तिरकी केली, दोरा पुढच्या दातांत धरला आणि झटका दिला.

टुक्.

दोऱ्याचा तुकडा तिने बोटांनी जिभेवरून काढला आणि ट्रेमध्ये टाकला. मग ती हसली. हात मांडीवरच होता, आरशावर. तो वर गेला नाही, हे ताईने पाहिलं आणि ती खिडकीकडे वळली.

भाऊ बाही तशीच पुढे धरून उभा होता. "आई," तो म्हणाला, "तू सोडलं होतंस ना?"

"सोडलं होतं की," आई म्हणाली. "दात तुटल्यापासून."

भावाने ओरडायला तोंड उघडलं. मग त्याने स्वतःच्या दुसऱ्या बाहीकडे पाहिलं, ती उलटसुलट करून तपासली, आणि तिथला लोंबणारा दोरा शोधून काढून आईपुढे धरला.